बहुरूप्याचे वकील

खोली दाखवताना घरमालकांनी मला भाड्याचं काही सांगितलं नाही, पाण्याचं काही सांगितलं नाही. "बाई, तुमच्याकडं रेडिओ हाय का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"मग घ्या खोली. सकाळी आपल्या दारावरून माणसं जातात. वासुदेव जातो, गोंधळी जातो. घरात रेडिओ लागलेला आयकला की ते दारात थांबत न्हाईत, तसेच पुढं जातात. तुमच्या आधीच्या भाडेकरूला मी याच्यापायीच काढलं."

मी नांदेडहून हिंगोलीच्या शाळेवर नुकतीच बदलून आले होते. शाळेच्या शिपायानं मला आधीच सांगून ठेवलं होतं की घरमालक वकील आहेत, माणूस सज्जन, पण "थोडं डोक्यात हाये त्यांच्या." काय आहे म्हटलं तर हसला. "राहाल तं कळंल."

कळायला वेळ लागला नाही. वकीलसाहेब सायकलवर कोर्टात जात. भर वैशाखातही काळा कोट अंगात. वाटेत कुठल्या शेतात ज्वारी काढणाऱ्या बायका गाताना कानावर पडल्या की सायकल रस्त्याच्या कडेला लावायची आणि गाणं संपेपर्यंत उन्हात उभं राहायचं. एकदा एक बाई विळा घेऊनच बांधावर आली म्हणे. "काय पाहून राहिले?"

"पाहत न्हाई, माय. आयकून राहिलो."

त्या दिवसापासून काळा कोट दिसला की बायका गायच्या थांबत. याचं त्यांना फार लागलं. मग ते झाडापाशी, शेताकडे पाठ करून उभे राहू लागले. म्हणजे आपण बघत नाही हे तरी त्यांना कळावं. रस्त्यानं जाणारी माणसं हा वकील लिंबाच्या झाडाला तोंड लावून का उभा आहे म्हणून वळून वळून बघत. कोर्टात उशीर होई. न्यायाधीश रागावत. पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे जात.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. फार कमी बोलायच्या. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माझ्या माहेरचा माणूस दारात आला तरी हे आधी इचारतात, ‘तुम्हाला काही येतं का?’ माझा भाऊ तं आता येतच न्हाई."

स्वतः मात्र ते कधी गात नसत. गुणगुणतसुद्धा नसत. मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली.

वडील सेनगावकडच्या एका खेड्यात हलगी वाजवायचे. गावातलं लग्न असो, देवीची यात्रा असो, मिरवणुकीपुढे यांची हलगी. जेवणाची पंगत बसली की मात्र हे लांब, उकिरड्याच्या बाजूला. धर्मांतर झालं त्या वर्षी वडिलांनी हलगी विहिरीत टाकली आणि गावाला सांगितलं, आता आमी वाजवणार न्हाई. गावानं वर्षभर त्रास दिला. त्यांनी तो सोसला, आणि त्या वर्षातच पोराला हैदराबादेला कायदा शिकायला पाठवलं.

"वकील होऊन घरी आलो," ते म्हणाले. "एक दिवस बापाला म्हटलं, दादा, ते लग्नाच्या वरातीचं कसं होतं? एकदा डब्यावर वाजवून दाखवा ना. फक्त मला. दार लावून घेतो. बाई, मी तवा काळा कोट घातलेला होता. दादांनी मला थोबाडीत मारली. म्हणाले, ‘ज्या हातानं तुला हा कोट शिवून घेतला, त्या हातानं आता तुला हलगी पायजे?’"

मी त्यांच्या काळ्या कोटाकडे पाहिलं.

"दादा बराबर होते," ते म्हणाले. "पण वरातीचं ते वाजवणं दादांसोबतच गेलं. तेही बराबरच झालं, असं मला अजून म्हणता येत न्हाई."

त्यांच्याच वस्तीतली तरुण पोरं कधीमधी येऊन त्यांच्याशी भांडत. "साहेब, आपल्या लोकांनी हे समदं टाकलं. आन् तुमी काहून उकरून राहिले?" ते शांतपणे ऐकून घेत. त्या पोरांचं म्हणणं त्यांना खोडता येत नसे, आणि खोडायचंही नसे.

मारोती बहुरूपी वर्षातून एकदा, सुगीनंतर यायचा. उंच, काळा, गालफडं बसलेली. कधी म्हाताऱ्या बाईचं सोंग, कधी वैद्याचं. पण त्याचं गाजलेलं सोंग फौजदाराचं होतं. खाकी कोट, खांद्यावर बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेले तारे, कमरेला लाकडी पिस्तूल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेतून नुकतीच आले होते. दारावर काठी आपटली आणि खणखणीत आवाज आला:

"कुणाचं घर हे? मालक कुठाय? वारंट हाय वारंट! मालकानं रातच्याला घोरून गल्लीची झोप चोरली! मालकिणीनं भाकरीत चांद लपवला! मांजरीनं दुधाचा पंचनामा केला अन् सही न करता पळाली! चला समदे ठाण्यात, न्हाई तं सूपभर जवारी जामीन द्या!"

वकीलसाहेब आतून धावत आले. हात जोडून, गंभीर चेहऱ्यानं उंबऱ्यात उभे राहिले. "फौजदारसाहेब, मांजर अज्ञान हाय. अज्ञान पक्षकाराला अटक करता येत न्हाई."

"मंग तिचा पालक कोण?"

"मीच."

"मंग तुमीच चला!"

वहिनी सूप घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं तसं हसू मी पुन्हा कधी पाहिलं नाही. गल्ली गोळा झाली होती. मारोती त्या दारातून पुढच्या दारात गेला आणि तिथल्या घराचे गुन्हे वेगळेच निघाले. प्रत्येक घराचे त्याला ठाऊक होते. वर्षभरानं येणारा माणूस, पण कुणाच्या घरी नवी सून आली, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं त्याच्या वारंटात यायचं, आणि ज्याच्यावर आरोप तोच सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

"हा गावाचा खरा न्यायाधीश," वकीलसाहेब मला म्हणाले. "याच्या कोर्टातून कुणी रडत बाहेर जात न्हाई."

आणीबाणीचे दिवस होते. कनेरगावच्या नाक्यावर मारोतीचं पाल पडलेलं होतं, आणि तो फौजदाराच्या सोंगात ढाब्यापाशी उभा होता. तेवढ्यात बाहेरगावाहून बदलून आलेला एक जमादार बसमधून उतरला. समोर खाकी कोट, खांद्यावर तारे. त्यानं टाच जुळवून कडक सलाम ठोकला. ढाब्यावरचे लोक हसले. ट्रकवाले हसले. मारोतीही, सवयीनं, सलाम घेऊन म्हणाला, "आराम से!"

ते हसू जमादाराला पचलं नाही. त्यानं मारोतीला तिथूनच उचललं. गुन्हे दोन लावले. सरकारी नोकराचा तोतया बनणं हा एक, आणि भीक मागणं हा दुसरा.

बातमी कळली तेव्हा वकीलसाहेब जेवत होते. ताट तसंच ठेवून उठले. मारोतीची बायको पोरांना घेऊन कोर्टाच्या आवारात येऊन बसली होती. त्यांनी तिच्यापुढे उकिडवं बसून सांगितलं, "मी हाय."

खटल्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. वहिनी आणि मी दोघी कोर्टात गेलो. न्यायाधीश तरुण होते, पुण्याकडचे. सरकारी वकिलानं मुद्देमाल टेबलावर मांडला. खाकी कोट, पत्र्याचे तारे, लाकडी पिस्तूल. तिथं टेबलावर ते अगदीच केविलवाणे दिसत होते.

वकीलसाहेब उभे राहिले. "साहेब, फसवण्याचा हेतू असल तरच तोतया. याला पाहून फसंल असा माणूस या तालुक्यात न्हाई. कोर्टाला खात्री करायची असल तर आरोपीला हे कपडे घालू द्या."

"कोर्टात सोंग?" न्यायाधीश म्हणाले.

"कपडे टेबलावर असले तर पत्रा दिसतो, साहेब. अंगावर चढले तरच गुन्हा दिसंल. असल तर."

न्यायाधीशांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. मारोतीनं कोट चढवला. उभा राहिला. दाराकडे बघू लागला. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, दारातून यावं लागतं."

शिपायानं त्याला बाहेर नेलं. आणि मग दारावर काठी आपटली.

"कुणाचं घर हे? वारंट हाय वारंट! या घरच्या कारकुनानं तारखा गिळल्या अन् ढेकर न्हाई दिला! या घरच्या पंख्यानं आरोपीला गार करून वकिलाला घाम फोडला! या घरच्या खुर्चीनं माणूस बसवला अन् त्याला उठूच देईना!"

कोर्ट हसलं. कारकून हसला. सरकारी वकील खाली मान घालून हसला. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. वकीलसाहेब मात्र हसले नाहीत. ते न्यायाधीशांकडे बघत होते, आपला खटला जिंकला जातोय असं समजून.

न्यायाधीशांनी रुमाल घडी करून ठेवला. "फार छान," ते म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले. "हा माणूस तोतया नाही, हे तुम्ही सिद्ध केलंत, वकीलसाहेब. पण त्याच्या शेवटी तो काय मागतो?"

"जामीन, साहेब. सूपभर जवारी."

"दारोदार?"

"व्हय. पण ती भीक न्हाई—"

"माझ्यापुढच्या पुस्तकात दोनच शब्द आहेत. वेश घेऊन फसवलं तर तोतया. फसवलं नाही, पण सोंग करून दारावर मागितलं, तर भिकारी. पहिला शब्द तुम्ही काढून टाकलात. मला दुसराच उरतो. तिसरा असता तर मी तोच लिहिला असता. तो माझ्याकडे मागू नका. कायदे करतात तिथं जाऊन मागा."

पहिलाच गुन्हा म्हणून त्यांनी शिक्षा दिली नाही. पुन्हा सोंग घेऊन दारावर मागणार नाही, असं लिहून दिलं तर समज देऊन सोडायचं ठरलं.

वकीलसाहेब मारोतीच्या कानाशी वाकले. त्यांचा आवाज आम्हाला मागे ऐकू येत होता. "अंगठा देऊ नको. आपण वर जाऊ."

"वर म्हंजी कुठं, साहेब?"

"हायकोर्टात."

"तवर मी कुठं ऱ्हायचं?"

मारोतीनं कोट काढून नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला. "साहेब, तुमी मला सोडवायला हुबं ऱ्हायले न्? मंग सोडवा."

त्यानं अंगठा दिला.

मुद्देमाल परत मिळावा म्हणून वकीलसाहेबांनी अर्ज केला. तो फेटाळला गेला. काही आठवड्यांनी आवाराच्या मागच्या बाजूला बाकीच्या जप्तीच्या सामानासोबत तो कोटही जाळला. वकीलसाहेब तिथं जाऊन उभे राहिले होते म्हणे. घरी आले ते सरळ माझ्या खोलीच्या दारात.

"बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. मला एक कायदा लिहायचा हाय."

त्यानंतरची दोनेक वर्षं आमचं घर म्हणजे एक बिनआमदारांची विधानसभाच होती. संध्याकाळी मी वह्या तपासत ओसरीवर बसले की ते येरझारा घालत कलमं सांगायचे, मी लिहायची. पहिलं कलम पहिल्याच दिवशी ठरलं, आणि त्यात शेवटपर्यंत काना-मात्रेचा बदल झाला नाही: कोणतीही कला करण्याची, शिकण्याची किंवा पुढे चालवण्याची सक्ती कोणावरही, त्याच्या जातीवरून वा घराण्यावरून, करता येणार नाही. हे सांगताना त्यांचा हात नकळत गालाकडे गेला. दुसरं कलम: जो आपल्या खुशीनं ती करतो, त्याला भिकारी म्हणता येणार नाही.

अडायचं ते तिसऱ्यावर. मग त्याला म्हणायचं काय? मी म्हटलं, लोककलावंत. "लोककला म्हंजी लोक फुकट पाहतात ती," ते म्हणाले. मी म्हटलं, सांस्कृतिक वारसा लिहू. ते थांबले. "वारसा बाप मेल्यावर मिळतो, बाई. हे तर बाप जित्ता असताना घ्यावं लागतं. मेल्यावर काय घेणार?"

मी तो शब्द खोडला. दुसरा सुचला नाही.

मसुदा त्यांनी ठिकठिकाणी पाठवला. एका खात्यानं कळवलं की हा विषय पोलिसांचा. तिथून कळलं की भिकाऱ्यांचा, म्हणून समाजकल्याणाचा. तिथून तो पहिल्याच खात्याकडे परत गेला. सरकारं बदलली. एक नवा आमदार घरी येऊन चहा पिऊन गेला, मसुदा काखेत घालून गेला, आणि मग कुठल्याही कार्यक्रमात वकीलसाहेब दिसले की दुरूनच हात करून "चालू हाय, चालू हाय" म्हणू लागला.

एकदाच काहीतरी हललं. परभणीला सरकारी लोककला मेळावा होता. सरकारचाच कार्यक्रम, म्हणजे सोंग घेतलं तरी गुन्हा नाही. वकीलसाहेबांनी वहिनींकडून नवा खाकी कोट शिवून घेतला, तारे स्वतः कापले आणि मारोतीला घेऊन निघाले. मीही गेले. मोठा मंडप होता, पुढे कोचांवर अधिकारी. मारोतीच्या आधी लेझीम झालं, टाळ्या पडल्या.

मारोती मंचावर आला. समोर माईक, मागे निळा पडदा. तो इकडेतिकडे बघत राहिला. मला कळलं तो काय शोधतोय ते.

"कुणाचं घर हे?" तो म्हणाला. माईक शिटी वाजवून उठला. मंडपात कुणीच बोललं नाही.

"कुणाचं घर हे?" त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी हळू, खरंच विचारल्यासारखं.

मागून कुणीतरी "पुढचं बोल" म्हणून ओरडलं. मारोतीनं कोचावर बसलेल्यांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकाचंही घर त्याला ठाऊक नव्हतं. कुणाची सून, कुणाची मांजर, काहीच नाही. तो दोन्ही हात जोडून खाली उतरला. संयोजक वकीलसाहेबांना म्हणाले, "बरं वाटलं असतं, पण जमलं नाही. पुढच्या वर्षी लेझीमच वाढवू."

परतीच्या गाडीत वकीलसाहेबांनी तो नवा कोट घडी करून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "माझी चूक झाली. कलम चुकलं. माणूस जपायचा म्हणत होतो मी. दार जपायला पायजे होतं."

"आणि ज्याला दार उघडायचंच नाही, त्याचं काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. "त्याचं कलम कुठून आणू, बाई?"

आमच्याच गल्लीत तोपर्यंत तीन घरांत रेडिओ आले होते.

मारोती मग साखरा गावाकडे रोजगार हमीच्या कामावर गेला. नाल्याच्या बांधावर माती टाकायचं काम. पाल मोडून त्यांनी तिथंच कुडाची झोपडी घातली होती. वकीलसाहेब रविवारी एसटीनं तिथं जायचे. मारोतीच्या पोरानं, दिगूनं, बापाचं शिकून ठेवावं असा त्यांचा ध्यास होता. कायदा आज ना उद्या होईल. झाला तेव्हा करणारा कुणी तरी उरलेला असावा. मारोती नाही म्हणत नसे, हो म्हणत नसे. घमेलं खाली ठेवून ऐकून घ्यायचा.

एका रविवारी त्यांनी पोरालाच विचारलं. ते त्यांनी मला त्याच संध्याकाळी, जसंच्या तसं सांगितलं.

"तुला सोंग शिकायचं हाय का?"

"न्हाई."

"काहून?"

"लोकं हासत्यात."

"अरे, हसावं म्हणूनच तर असतं ते."

पोरगं खाली बघत म्हणालं, "ते बापाला हासत्यात."

वकीलसाहेब ओसरीवर कोटासकट बसले होते. मी मसुद्याचे कागद काढू का म्हणून विचारलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग म्हणाले, "पहिलं कलम कुणी लिहिलं, बाई?"

"तुम्ही सांगितलंत. मी लिहिलं."

"मग झालं तर."

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ते स्वतः दिगूला घेऊन माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. मागे मारोती, धुतलेलं धोतर नेसून. शाळेसाठी पोरगं आता आमच्याच घरी राहणार होतं. ते वयानं मोठं होतं, पण पहिलीतच घ्यावं लागणार होतं. दाखल्याचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. मी रजिस्टर उघडलं. नाव लिहिलं. गाव कोणतं, यावर थोडी अडचण आली. वकीलसाहेबांनी साखरा सांगितलं. जन्मतारीख अंदाजानं घातली.

"वडिलांचा व्यवसाय?" मी विचारलं.

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. एका एका शब्दासाठी त्यांनी माझ्याशी किती संध्याकाळी वाद घातला होता, ते मला माहीत होतं. मी टाक धरून थांबले. मारोतीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मजुरी लिवा, बाई," तो म्हणाला.

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. दिगू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, मी काय लिहिलं ते बघत होता. त्याला अजून अक्षरं येत नव्हती. वकीलसाहेब त्याच्या शेजारी वाकले, त्याचं बोट हातात धरलं आणि ओल्या शाईला लागू न देता, एकेका अक्षराखालून हळूहळू फिरवत त्याला सांगू लागले: "म. जु. री."